फक्त ४१ हजार चाललेली गाडी

वाचकाचं पत्र :

काका, नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीने कोकणात, देवरूखजवळच्या आमच्या मूळ गावी जायचं ठरतंय. सासरे ७६ वर्षांचे आहेत आणि पंधरा वर्षांत गावी गेलेले नाहीत. "एकदा कुलदैवताला घेऊन चल," असं ते मलाच म्हणाले, कारण घरात गाडी मीच जास्त चालवते. पहिला मुक्काम पुण्याला नणंदेकडे. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ४१ हजार किलोमीटर चाललेली, टायर कंपनीतून आलेलेच आहेत. रोज घर, शाळा, भाजी, कधी राजवाडा, एवढंच तिचं फिरणं. सासरे म्हणतात, "एवढी कमी चाललेली गाडी, तिला काय होतंय? चालत्या गाडीला हात लावू नये." आमचा मेकॅनिक म्हणतो, "निघायच्या आदल्या दिवशी आणून टाका, चकाचक करून देतो." खर्चाला १५ हजारांपर्यंत काढता येतील. कोणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, मेकॅनिक सांगतोय ते काम करायलाच हवं, फक्त त्याने दिवस चुकीचा निवडलाय. सासऱ्यांचं वाक्यही मी सोडून देणार नाही, त्याच्याकडे पुढे येतो. पण आधी ते ४१ हजार.

गाडीचं वय मोजायला दोन मापं लागतात. इंजिनच्या आतले भाग, क्लच प्लेट, ब्रेक पॅड किलोमीटरने झिजतात. टायरचं रबर, होज पाइप, इंजिनचे पट्टे, ब्रेक ऑइल, कूलंट आणि बॅटरी मात्र वर्षांनी म्हातारी होतात, गाडी चालो की न चालो. वर्षाला जेमतेम साडेचार हजार चाललेली गाडी या दुसऱ्या मापाने पूर्ण नऊ-दहा वर्षांची आहे, आणि ती सगळी वर्षं तिने उन्हात उभं राहून काढली आहेत. शिवाय घर ते शाळा अशा लहान फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोलचा अंश साठतो, बॅटरी पुरती चार्ज होत नाही. म्हणून पुस्तिकेत "१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते" असं लिहिलेलं असतं. तुमच्यासारख्यांकडे दर वेळी वर्षच आधी येतं आणि तेच विसरलं जातं.

आता हा रस्ता डोळ्यांसमोर आणा, कारण काय तपासायचं ते रस्ताच सांगतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. मानपूरच्या पुढे विंध्य उतरून निमाडात यायचं, खलघाटला नर्मदा ओलांडायची, मग सेंधव्याकडे सातपुडा चढायचा आणि बिजासन मातेपाशी पलीकडे उतरून शिरपूर, तापी, धुळे. म्हणजे सकाळच्या चहाची दुसरी वेळ होण्याआधीच गाडी दोन पर्वत ओलांडते, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा निमाडात पारा ४३-४४ ला टेकतो. पुढे चांदवडचा घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरी, पुण्यानंतर कात्रज, खंबाटकी. शेवटी, सगळे दमलेले असताना, सह्याद्रीवरून कोकणात उतरणारा आंबा घाट. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर धरून चला. तुमच्या गाडीचा हा जवळजवळ पाच महिन्यांचा प्रवास आहे, तोही भरलेल्या गाडीने.

उतारांमुळे मी ब्रेकपासून सुरुवात करतो. पॅड पाहायला सगळेच सांगतात, तुम्हीही पाहायला लावा. मागच्या चाकांना ड्रम असतील तर ते उघडून लायनर पाहायला लावा, कारण मेकॅनिक पुढची चाकं बघून "बढिया है" म्हणतो आणि मागची तशीच राहतात. पण मला खरी काळजी ब्रेक ऑइलची आहे. ते हवेतला ओलावा शोषतं, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. शहरात कधी कळत नाही, कारण राजवाड्याच्या गर्दीत ब्रेक एवढे तापतच नाहीत. लांब घाट उतरताना तुम्ही सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर मात्र पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल गादीसारखं मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं कधी बदललं ते आठवत नसेल, तर ते बदललेलंच नाही असं समजा. ब्रेक ऑइलच्या टाकीत वरून ओतून भागत नाही, चारही चाकांपाशी जुनं काढून नवं भरायला लावा आणि स्वतः समोर उभ्या राहा. या कामाला फार पैसे लागत नाहीत. टाकीच्या झाकणावर डॉट ३ की ४ ते लिहिलेलं असतं, तेच वापरायचं.

आणि घाट उतरताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ज्या गिअरमध्ये चढावं लागलं असतं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब आजही बरोबर आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही. तुमच्या यजमानांनाही हे आधीच सांगून ठेवा, घाटात सांगितलं तर भांडण होतं.

आता चढाची बाजू, म्हणजे इंजिन थंड ठेवण्याची. इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे, कारण तुमच्या मेकॅनिकचा "आदल्या दिवशी" हा शब्द वाचल्यापासून ती मनातून जात नाहीये.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आईला घेऊन आम्ही नाशिकला निघालो होतो, असाच मे महिना. आदल्या संध्याकाळी एका गॅरेजमधून गाडी काम करून आणली, रेडिएटरचा वरचा होज पाइप नवा घातला होता. पहाटे निघालो, मानपूर उतरलो, नर्मदेला नमस्कार केला. सेंधव्याच्या चढाला टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला आणि बोनेटमधून वाफ आली. पाइप नवा होता, पण त्याची क्लिप कोणी आवळलीच नव्हती. मी घाबरून थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार होतो. मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने माझं मनगट धरलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्याही वर तापलेलं. झाकण फिरवलं की ते कारंज्यासारखं तोंडावर येतं. त्या माणसाने पाऊण तास थांबून, इंजिन निवल्यावर स्क्रूड्रायव्हरने क्लिप आवळून दिली आणि स्वतःच्या कॅनमधलं पाणी ओतलं. गाडी वाचली. आई मात्र त्या उन्हात एका बाभळीखाली बसून होती. ती एक शब्द बोलली नाही, पण नाशिकला पोचल्यावर दोन दिवस अंथरुणावर होती. तुमच्याबरोबर ७६ वर्षांचे सासरे आहेत म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

म्हणून सगळं काम निघायच्या दोन-तीन आठवडे आधी करून घ्या. गॅरेजमधून आलेली गाडी ताबडतोब लांब नेऊ नये. एखादी क्लिप सैल राहते, एखादा नट हाताने लावून पाना फिरवायचा राहतो, नवा भाग क्वचित सदोषही निघतो. हे सगळं पहिल्या दोन-अडीचशे किलोमीटरांत बाहेर येतं. ते इंदुरात बाहेर येऊ दे.

थंडाव्यासाठी करायचं ते असं. सगळे होज पाइप गाडी थंड असताना हाताने दाबून पाहा. कडक लाकडासारखे झाले असतील, किंवा पिचपिचीत होऊन टोकाशी फुगले असतील, तर बदला. नऊ वर्षांच्या गाडीत मी तर न दाबताच वरचा-खालचा दोन्ही बदलेन. मेकॅनिक ज्याला वॉटर बॉडी म्हणतो त्या पंपाखाली सुकलेल्या कूलंटचे रंगीत ओघळ आहेत का, ते टॉर्च मारून बघायला सांगा. कूलंट काढून नवं भरा. मध्ये कधी साधं पाणी घातलं असेल, तर मग हे नक्कीच करा. आपल्या घरच्या बोरिंगच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. कूलंटमध्ये मिसळायचं पाणी डिस्टिल्डच हवं. मग एसी लावून गाडी पंधरा मिनिटं उभ्या जागी चालू ठेवा. रेडिएटरचा पंखा फिरतोय ना, आणि काटा मध्यावर स्थिर राहतोय ना, ते पाहा. वाटेत कुठे काटा वर सरकलाच तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. भर उन्हात हीटर लावणं वेडेपणाचं वाटेल, पण तो इंजिनची उष्णता बाहेर काढतो. काचा उघड्या ठेवा, सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा. आणि झाकणाला हात नाही.

टायर. तुमच्या पत्रातलं "कंपनीतून आलेलेच आहेत" हे वाक्य मी दोनदा वाचलं. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१६ असेल तर २०१६ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालल्यामुळे नक्षी अजून छान दिसत असेल, कायद्याने लागणाऱ्या १.६ मिलिमीटरपेक्षा कितीतरी खोल. ती पाहून फसू नका. रबर कडक झालेलं असतं, बाजूला केसाएवढ्या भेगा असतात. तापलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीने, ताशी नव्वदच्या वेगात असा टायर फुटतो तेव्हा पुढचे चार सेकंद कोणाच्याच हातात नसतात. चारही टायर बदला. यात मी काही मधला मार्ग सांगणार नाही.

यालाच १५ हजारांच्या वर जातील, हे मला कळतंय. बजेट वाढवता येत असेल तर वाढवा. नसेल तर रेल्वेने पुण्यापर्यंत जा आणि पुढे तिथून गाडी ठरवा. सासऱ्यांना गावाला नेणं महत्त्वाचं आहे, हीच गाडी नेणं नाही. जुन्या टायरवर "या वेळेला जाऊन येऊ" असं मात्र करू नका. दुसऱ्या कोणाच्या गाडीत मधल्या काळात दोन बदलले गेले असतील आणि आता दोनच घ्यायचे असतील, तर नवी जोडी मागच्या चाकांना लावा. दुकानदार पुढे लावायला सांगेल. पण मागची चाकं घसरली की गाडी गोल फिरते, आणि ती सावरणं आपल्यासारख्यांना जमत नाही. नवे टायर टाकल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या.

हवेचं एक. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो. त्यावर दोन माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. तुम्हाला दुसरा आकडा हवाय. ही हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. "उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवा" असं पंपावर कोणीतरी सांगेलच. ते ऐकू नका. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त वाकते, त्याने तो जास्त तापतो, आणि फुटतात ते बहुतेक वेळा असेच टायर. दुपारी हवा दोन-चार पॉइंट वाढलेली दिसली तरी काढायची नाही. स्टेपनीतही हवा भरा. ती नऊ वर्षं डिकीत झोपलेली आहे. जॅक आणि पाना जागेवर आहेत का, आणि तो पाना तुमच्या नटांना बसतो का, हे घराच्या अंगणात एकदा चाक खोलून बघा. स्टेपनीही जुनीच असेल. ती लावावी लागली तर पुढच्या टायरच्या दुकानापर्यंत सावकाश जाण्यापुरतीच.

बॅटरी चार वर्षांच्या पुढे गेली असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. पट्ट्यांना आडव्या भेगा दिसल्या तर बदला. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर तो किती वर्षांनी बदलायचा ते पुस्तिकेत पाहा. वायपरचं रबर जरूर नवं घाला. मेमध्ये महाराष्ट्रात वळवाचा पाऊस कुठेही गाठतो, आणि कडक झालेला वायपर काचेवर चिखलाचे पट्टे ओढतो. उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेही बोनेट उघडून बघून घ्या.

आता सासऱ्यांकडे येतो. "चालत्या गाडीला हात लावू नये" हे त्यांचं वाक्य गॅरेजच्या काउंटरवर बरोबर घेऊन जा. तिथे तुम्हाला इंजिन डीकार्बोनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग, टेफ्लॉन कोटिंग, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या, असं बरंच काही सुचवलं जाईल. गाडी नीट ओढत असेल, अॅव्हरेज बरोबर असेल, तर यातलं काहीही करू नका. क्लच घसरत नसेल तर "जाताय तर बदलून टाका" म्हणून तोही बदलायचा नाही. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट, होज पाइप, टायर. यापलीकडे जे काही सांगतील त्याचा जुना भाग काढून दाखवायला सांगा.

हे सगळं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका, आणि मग एका रविवारी सासऱ्यांना घेऊन महेश्वरला जाऊन या. शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि वाटेत तोच मानपूरचा घाट आहे जो तुम्हाला प्रवासाच्या दिवशी उतरायचाय. येताना तो चढायचाही आहे, ऊन असतानाच, एसी लावून, सगळी माणसं बसवून. ही गाडीची परीक्षा आहे आणि सासऱ्यांचीही. त्यांचे गुडघे किती वेळाने आखडतात, मागे बसून मळमळतं का, हे त्याच दिवशी कळेल. जाताना ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं का, हात सैल सोडला तर गाडी एका बाजूला जाते का, घाट उतरताना पेडल पहिल्याइतकंच घट्ट राहतं का, ते बघा. महेश्वरला पोचल्यावर घाटावर जाण्याआधी प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा. चाकाला लावायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसतोय. घरी आल्यावर रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर थेंब असतील तर कुठून ते शोधा. एसीचं पाणी गळतं त्याला रंग नसतो, त्याची चिंता नको. मग गाडी गार असताना ऑइल आणि कूलंटची पातळी पाहा. उतरली असेल तर मेकॅनिककडे परत न्या. अजून दोन आठवडे तुमच्या हाती असतील.

कागदांपैकी पीयूसी आणि विम्याची तारीख परतीच्या दिवसापर्यंत पुरतेय ना, ते पाहा. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, आणि कुठेही ११२. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर त्याचा नंबर यजमानांच्या फोनमध्येही असू दे.

पहाटे चारला निघा. निमाड उन्हाआधी ओलांडला जाईल आणि धुळ्याला नाश्ता होईल. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबा, सासऱ्यांसाठी आणि टायरांसाठीही. चांदवडला थांबलात तर अहिल्याबाईंचा रंगमहाल तिथे आहे, इंदूरच्या माणसाने तिथे चहा प्यावा असं मला नेहमी वाटतं. औषधं डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात तो तापतो. पाण्याचा पाच लिटरचा कॅन माणसांसाठी वेगळा आणि गाडीसाठी वेगळा.

आणि गावाहून परत निघायच्या आदल्या सकाळी हीच छोटी तपासणी पुन्हा करा. ऑइल, कूलंट, टायरची हवा, ब्रेक ऑइलची पातळी. जाताना लोक हे करतात, येताना कोणी करत नाही. परतीला आंबा घाट चढायचाय आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असणारच, तेव्हा मागच्या टायरांची हवा त्या वजनाच्या हिशेबाने भरून घ्या.